तंबू किती लावायचे हे सगळ्यात शेवटी ठरवा: सह्याद्रीत कॅम्प चालवण्याचं गणित

कॅम्प सुरू करायचा म्हटलं की पहिली चर्चा तंबूंची होते. किती घ्यायचे, दोन माणसांचे की चार माणसांचे, कुठल्या रंगाचे. मग जागा सपाट करून तंबू लावले जातात, फोटो टाकले जातात, पहिल्याच शनिवारी साठ माणसं येतात आणि रविवारी सकाळी साडेसहाला लक्षात येतं की शौचालयं दोनच आहेत. त्या सकाळी बाटली घेऊन ओढ्याकडे गेलेली पंधरा-वीस माणसं म्हणजे त्या जागेचं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं नुकसान. ती माणसं बेशिस्त नव्हती. त्यांना दुसरा रस्ताच ठेवलेला नव्हता.

जागेला किती माणसं झेपतील हे शौचालयं, पाणी आणि कचरा या तीन गोष्टी ठरवतात. तंबूंचा आकडा त्यातून आपोआप निघतो. पुढचं सगळं अकोले तालुक्यातला भंडारदरा परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. यातली बरीच गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात किंवा त्याला लागून आहेत. मे संपता संपता काजवे येतात आणि शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांची रांग लागते. इथे जमलं तर पवना, राजमाची किंवा कोकणातल्या खाडीकाठीही जमेल.

कागद आणि हद्द

हे थोडक्यात, पण खोदकामाला हात लावण्याआधी. जमिनीच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते पाहा आणि करार सगळ्यांशी करा. एकाच भावाशी केलेला करार दुसऱ्या हंगामात मोडतो. धरणाच्या पाण्यालगतची छान सपाट जमीन बऱ्याचदा जलसंपदा खात्याची किंवा पूररेषेच्या आतली असते. तिथे पक्कं काहीच करू नका, मैल्याचा खड्डा तर नाहीच. वनहद्दीचे दगड वनरक्षकाला सोबत घेऊन पाहून घ्या. ग्रामपंचायतीचा दाखला आणि स्वयंपाकासाठी अन्नसुरक्षा नोंदणी लागते. ट्रेक, रॅपलिंग, कयाकिंग असं काही देणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते.

सकाळची नव्वद मिनिटं

आता मूळ आकडा. कॅम्पवरची सकाळची गर्दी साधारण साडेसहा ते आठ, म्हणजे नव्वद मिनिटं. माणसाला आत-बाहेर मिळून सात-आठ मिनिटं लागतात. चाळीस माणसं गुणिले साडेसात मिनिटं म्हणजे तीनशे मिनिटं. भागिले नव्वद म्हणजे सव्वातीनच्या थोडं वर. म्हणून चाळीस माणसांना चार शौचालयं हवीत. दहा माणसांमागे एक हा नियम तिथून येतो. पुरुषांसाठी मुतारी वेगळी केली तर रांग बरीच कमी होते आणि खड्ड्यात जाणारं पाणीही वाचतं. पैसे चौथ्या शौचालयाला पुरत नसतील तर बुकिंग तीसवर थांबवा. आणखी एका तंबूपेक्षा चौथं शौचालय जास्त कमाई करून देतं, कारण कुटुंबं परत येतात ती स्वच्छ शौचालयासाठी.

खड्ड्यांचं म्हणाल तर गावात घरोघरी बांधतात तेच दोन शोषखड्ड्यांचं शौचालय बहुतेक ठिकाणी पुरतं. खड्डा साधारण एक मीटर व्यासाचा आणि मीटर-सव्वा मीटर खोल ठेवावा. आतली वीटबांधणी जाळीची असावी आणि दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर असावं. असा खड्डा रोज वापरणाऱ्या पाच-सहा माणसांच्या घरासाठी असतो. कॅम्पचा हिशेब करा. चाळीस माणसं, आठवड्याला दोन रात्री, वर्षात तीस आठवडे म्हणजे २,४०० मुक्काम. ३६५ ने भागले तर रोजची साडेसहा माणसं, तीही चार शौचालयांत वाटलेली. मैल्याचा भार फार नाही. खरी अडचण पाण्याची आहे.

कारण खड्डा सगळेजण मार्चमध्ये खणतात. तेव्हा जमीन कोरडी ठाक असते आणि सगळं छान वाटतं. ऑगस्टमध्ये त्याच जागी हातभर खोलीवर पाणी लागतं, खड्डा खालून भरतो आणि मैला वर तरंगतो. म्हणून जागा ऑगस्टमध्ये ठरवा. पहारीने दोन मीटरचं भोक पाडा आणि दोन दिवस झाकून ठेवा. त्यात पाणी आलं तर ती जागा सोडा. विहीर, झरा, ओढा यांपासून किमान १५ मीटर लांब राहा. कातळ भेगाळलेला असेल तर अंतर दुप्पट करा, कारण भेगांतून पाणी मातीत गाळलं न जाता सरळ पळतं. आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला खड्डा कधीच नको.

फुटभर मातीखाली काळा पाषाण असेल तर शोषखड्डा चालणारच नाही. तिथे जमिनीवर उंच बांधलेलं कोरडं शौचालय करा: खाली दोन बंद कप्पे, वर भांडं, लघवी पुढून वेगळ्या नळीने बाहेर. प्रत्येक वापरानंतर एक मग भाताचा तूस किंवा चुलीची राख टाकायची. दुर्गंध येऊ लागला तर बहुतेक वेळा लघवी आत जाते आहे किंवा तूस कमी पडतो आहे. एक कप्पा भरला की तो वर्षभर बंद ठेवायचा आणि दुसरा उघडायचा. वर्ष पूर्ण होण्याआधी उपसू नका. जंताची अंडी मातीत फार काळ टिकतात. निघालेलं खत फळझाडांना घाला, भाजीपाल्याला नको.

दोन्ही प्रकारांत अॅसिड आणि फिनाइल बंद. खड्ड्यातलं काम जिवाणू करतात आणि ते अॅसिडने मरतात, मग खड्डा वेळेआधी भरतो. ब्रश, पाणी आणि थोडा साधा साबण पुरतो. प्रत्येक शौचालयात झाकणाचा डबा आणि त्यावर वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे ठेवा. पॅड गुंडाळायला कागद हाताशी नसेल तर पॅड खड्ड्यात जातो आणि तो तिथे कुजत नाही. या डब्याबद्दल पाहुण्यांना कुणी सांगत नाही, लाजतात. कॅम्पवर काम करणाऱ्या एखाद्या महिलेने स्वागताच्या वेळी दोन वाक्यांत सांगावं.

पाणी: मे महिन्याचा हिशेब वेगळा

एका मुक्कामाला माणशी साधारण ३० लिटर धरा. पिणं आणि स्वयंपाक पाच, शौचालय पंधरा, हातपाय-तोंड पाच, भांडी पाच. चाळीस पाहुण्यांना १,२०० लिटर, आठ कामगारांचे सांडलवंड धरून तीनशे, म्हणजे रात्रीला १,५०० लिटर. आंघोळीचं गरम पाणी दिलं की हा आकडा सहज दुप्पट होतो. एका रात्रीच्या मुक्कामाला आंघोळ देऊ नका, तोंड धुवायला बादलीभर गरम पाणी द्या. कुणी तक्रार करत नाही, आधी सांगितलेलं असलं तर.

छपरावरचं पाणी साठवा, पण त्याचा भ्रम नको. स्वयंपाकघर आणि जेवणाची शेड मिळून शंभर चौरस मीटर पत्रा असेल तर दर मिलिमीटर पावसाला सुमारे ८० लिटर हाती येतात. दहा हजार लिटरची टाकी भरायला १२५ मिलिमीटर पाऊस लागतो, आणि घाटमाथ्यावर जुलैत तो एक-दोन दिवसांत पडतो. मात्र ती भरलेली टाकी पूर्ण गर्दीच्या सहा-सात रात्रीच पुरते. म्हणजे छपराचं पाणी हिवाळ्याला हातभार लावेल, उन्हाळा काढणार नाही.

मे महिन्यात गावच्या पिण्याच्या विहिरीतून कॅम्पसाठी एक कळशीही उचलू नका. बाया पहाटे चारला उठून तिथे नंबर लावतात. त्या विहिरीवर मोटर टाकलेला कॅम्प गावाच्या मनातून कायमचा उतरतो आणि ते योग्यच आहे. काजव्यांच्या आठवड्यांसाठी टँकर बाहेरून आणा, त्याचा खर्च तिकिटात धरा आणि पाहुण्यांची संख्या पाण्यावरून ठरवा. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे तीन रात्री.

बाटलीबंद पाणी बंद करायचं तर तुमच्या पाण्यावर पाहुण्यांचा विश्वास बसला पाहिजे. टाकीतलं पाणी आधी गाळून स्वच्छ दिसेल असं करा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो. मग हजार लिटरला चार-पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. ती सरळ टाकीत झोकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. अर्धा तास थांबा. मग नळाचं पाणी क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या छोट्या संचाने, तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तो असतो आणि रंग कसा वाचायचा तेही तो दाखवतो. पिवळा रंग उमटलाच नाही तर पावडर जुनी आहे. उघड्या पिशवीत ठेवलेली पावडर काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून थोडी थोडी आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रोजचा निकाल पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी पाटीवर खडूने लिहा: तारीख, वेळ, क्लोरीन किती. ती पाटी वाचली की माणसं आपापली बाटली भरून घेतात.

ताटं, धुणं आणि पानातलं उरलेलं

कागदाच्या नावाखाली मिळणाऱ्या बहुतेक चकचकीत ताटल्यांवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तपासायचं असेल तर ताटली फाडून गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि कडेने चोळा. पारदर्शक पापुद्रा सुटून आला की ती ताटली कुजणार नाही. पळसाच्या पत्रावळी उत्तम, पण त्या वाळलेल्या ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात बुरशी धरतात. म्हणून स्टीलच बरं.

खर्चाचा धसका घेऊ नका, मांडून पाहा. पन्नास ताट-वाटी-पेल्यांचे संच, समजा अडीचशे रुपयांनी, साडेबारा हजार. फेकायच्या ताटल्या-ग्लास जेवणामागे आठ रुपये धरले तर चाळीस माणसं आणि तीन वेळा मिळून रात्रीला ९६० रुपये. त्यातून भांडी घासणाऱ्या बाईंची जादा मजुरी ४०० वजा केली तरी रात्रीला ५६० वाचतात आणि बावीस-तेवीस रात्रींत संच फुकट पडतात. दर तुमच्या बाजारात वेगळे असतील, मांडणी हीच.

धुण्याला तीन घमेली लावा. ताट आधी रबरी पट्टीने कोरडं निपटून खरकटं ओल्या कचऱ्यात टाकायचं. मग पहिल्यात साबण किंवा राख, दुसऱ्यात विसळणं, तिसऱ्यात शेवटचं स्वच्छ पाणी. दुसरं घमेलं गढूळलं की ते पहिल्यात ओतायचं. वाहत्या नळाखाली जेवढं पाणी जातं त्याहून खूप कमी पाण्यात काम होतं. हे सांडपाणी आधी एका छोट्या टाकीतून जाऊ द्या, तिथे तेल वर साचतं. तिथून एक मीटर लांब-रुंद-खोल, दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडा आणि कडेने कर्दळ, अळू, केळ लावा. तेल काढायचा कंटाळा केला तर शोषखड्डा पहिल्याच हंगामात चोंदतो. दर रविवारी दुपारी पळीने तेल काढणं हे एका ठरावीक माणसाचं काम असू द्या.

जेवणात गावचं जे असेल ते वाढा: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, वालाची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भात. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे गाव याच तालुक्यातलं. जुन्या वालाच्या, भाताच्या वाणांची श्रीमंती इथे घरात आहे आणि पाहुण्यांना शहरातलं पनीर खायला डोंगरात आणण्यात अर्थ नाही. बचत गटाला माणशी ताटाप्रमाणे दर द्या आणि पैसे त्याच रविवारी चुकते करा. चाळीस जणांना तांदूळ साडेतीन किलो आणि भाकरीचं पीठ साडेपाच किलो पुरतं. भाकरी किती, चपाती किती, मांसाहारी किती हे दोन दिवस आधी विचारून घ्या. वाढताना पहिली वाढ लहान पळीने करा आणि दुसरी आग्रहाने. पानात टाकलेलं अन्न यानेच बरंच कमी होतं.

कचरा: तो जाणार कुठे, ते आधी

वेगवेगळे डबे आणून रंगवणं सोपं आहे. आधी विचारा की सुका कचरा शेवटी कुठे जाणार. डोंगरातल्या बहुतेक गावांत घंटागाडी येत नाही. त्यामुळे डबा भरला की तो मागच्या घळीत रिता होतो नाहीतर जाळला जातो. राजूर, अकोले किंवा घोटीच्या भंगारवाल्याला भेटा. तो काय घेतो, किती किलो झाल्यावर घेतो हे विचारा आणि त्याप्रमाणे गोण्या लावा: पाण्याच्या बाटल्या, काच, पत्रा, पुठ्ठा. वेफर्स-बिस्किटांची चमकदार पाकिटं तो घेणार नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही ती वस्तू कॅम्पवर विकूच नका. वेफर्सऐवजी फुटाणे-शेंगदाणे, भजी, भाजलेले पापड. सॉसच्या पुड्यांऐवजी चटणी. शाम्पूच्या पुड्या पूर्ण बंद. दुधाची पिशवी उघडताना कोपरा अर्धवटच कापा, तुकडा पिशवीला चिकटलेला राहिला पाहिजे. तो इवलासा निळा त्रिकोण कुठल्याच गोणीत जात नाही, गवतात जातो.

पहिल्या चार आठवड्यांत प्रत्येक गोणी ताणकाट्यावर तोला आणि वहीत लिहा. वजन पाहिल्यावर कळतं की त्रास नक्की कशाचा आहे. बहुतेक ठिकाणी तो बाटल्यांचा आणि उरलेल्या भाताचा निघतो.

ओल्या कचऱ्याचं खत जागेवरच होतं. एक घमेलं ओलं, त्यावर दोन ते तीन घमेली वाळका पाला, असे थर, मध्ये थोडं शेण किंवा जुनं खत. आठवड्याला एकदा उलथवा. मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब सुटले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाला घाला, काहीच सुटलं नाही तर पाणी शिंपडा. वास म्हणजे आत हवा नाही. दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. पावसात वर पत्रा हवाच.

मटण-कोंबडीची हाडं या ढिगात घालू नका आणि बाहेर तर मुळीच टाकू नका. हाडांच्या मागे गावोगावची कुत्री जमतात आणि या पट्ट्यात कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. हाडं बंद झाकणाच्या डब्यात साठवा आणि दुसऱ्याच दिवशी कॅम्पपासून दूर, दोन फूट खोल पुरा. वर मोठा दगड ठेवा. वानरांना खाऊ घालू देऊ नका. एकदा हाताने दिलं की पुढच्या आठवड्यात ती तंबू फाडतात.

शेकोटी आणि तंबू

शेकोटी जमिनीवर नको. पत्र्याचं वीतभर उंच पायांचं घमेलं करा, म्हणजे खालची माती भाजत नाही. तंबूपासून दहा मीटर दूर ठेवा, शेजारी दोन भरलेल्या बादल्या. एका गटाला वीस किलो लाकूड ही मर्यादा, आणि तेही बांधावरच्या छाटणीचं, शेतकऱ्याकडून तोलून विकत घेतलेलं. जंगलातलं पडलेलं लाकूडही नाही. ते किड्यांचं, बुरशीचं घर असतं आणि राखीव वनात आग हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत शेकोटी पूर्ण बंद. त्या दिवसांत गवत एका ठिणगीने पेटतं आणि वणवा डोंगर चढतो. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताचा पालथा पंजा जवळ नेऊन ऊब लागत नाही ना पाहा. थंडी कितीही असो, निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेऊ देऊ नका. कोळशाच्या वायूने झोपेतच जीव जातो.

तंबूंच्या जागेचे तीन भाग करा. एक वापरात, दोन विश्रांतीवर, महिन्याने पाळी बदला. एकाच जागी सतत तंबू राहिला की माती दगडासारखी घट्ट होते, पाणी मुरत नाही, चिखल होतो. मग माणसं चर खणतात आणि पुढच्या पावसात माती वाहून जाते. तंबू धुताना साधं पाणी वापरा. डिटर्जंटने पाणी अडवणारा लेप निघतो. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर तो लेप महिन्याभरात चिकट होऊन सोलपटतो आणि तंबू भंगारात जातो. सावलीत पूर्ण वाळवा. चेन बिघडली तर बहुतेक वेळा फक्त तिचा रनर झिजलेला असतो. गावच्या शिंप्याकडून तो बदलून घ्या. चेनला मेणबत्ती घासत राहिलात तर तोही टिकतो.

काजव्यांचे तीन आठवडे

मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर काजवे उतरतात. एखाद्या सादड्यावर एका फांदीवर लुकलुक सुरू होते, ती शेजारच्या फांदीवर जाते आणि थोड्याच वेळात अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. मुसळधार पाऊस सुरू झाला की खेळ संपतो. वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग या तीन आठवड्यांत येतो आणि सगळ्यात जास्त नासधूसही याच दिवसांत होते.

लुकलुक ही नर-मादीची हाक आहे. नर चमकतो, बऱ्याच जातींत मादी खाली गवतात किंवा झुडपात बसून उत्तर देते. गाडीच्या हेडलाइटचा झोत पडला की ही उत्तरं हरवतात. प्रौढ काजवा काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे जगतो. त्यातल्या दोन रात्री प्रकाशात गेल्या तर पुढच्या वर्षीची अंडी तेवढी कमी. आणि बाकीचं जवळजवळ सगळं वर्ष काजव्याची अळी झाडाखालच्या ओलसर पाचोळ्यात गोगलगाई खात जगते. म्हणून झाडाखाली गाडी लावणं, पाचोळा झाडून जाळणं किंवा फोटोसाठी बुंध्यापर्यंत जाणं म्हणजे पुढचे काजवे पायाखाली घेणं.

करायचं ते असं. गाड्या झाडांपासून किमान अर्धा किलोमीटर आधी थांबवा आणि तिथून चालत न्या. दहा-बारा जणांचा गट, सोबत गावातला एक वाटाड्या, वाट न सोडता. एका झाडापाशी पंधरा-वीस मिनिटं, मग पुढच्या गटाला जागा. प्रत्येक टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबराने बांधा आणि झोत जमिनीकडेच ठेवायला सांगा. लाल उजेड काजव्यांना सगळ्यात कमी जाणवतो. मोबाइलचा फ्लॅश बंद, पडद्याचा उजेड तळाला. अंगाला मच्छरविरोधी मलम कॅम्पवरच लावून घ्या, झाडाखाली फवारा मारू नका. कॅम्पवर धूर-फवारणी या दिवसांत अजिबात नको.

कॅम्पचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर, पिवळे, तीन वॉटचे, वरून झाकलेले. अंधार पडला की शौचालयाच्या वाटेवरचे दोन सोडून सगळे बंद. जेवण साडेसहालाच उरका म्हणजे दिव्यांची गरजच उरत नाही. स्पीकर नको. रात्री दहानंतर तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी तो बंदच आहे, पण गाव नऊला झोपतं आणि पहाटे चारला पाण्याला उठतं.

बुकिंग देताना पंचांग पाहा. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात काजवे फिके दिसतात, लोक नाराज होतात आणि जवळ जायला पाहतात. अमावास्येच्या आगेमागे आठवडा ठेवा, आठवड्याच्या मधल्या वारांना सवलत द्या. अभयारण्यात वनविभाग दर हंगामात वेळा आणि प्रवेशाचे नियम सांगतो. ते बुकिंग घेण्याआधी विचारून घ्या आणि प्रवेश शुल्काची पावती प्रत्येक गटाच्या हातात द्या. कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोजच्या माणसांवर मर्यादा घालावी लागली. इथे ती वेळ येण्याआधी आपणच हात आखडता घ्यावा.

पाहुण्यांच्या सवयी: पाटीने नाही, मांडणीने

कॅम्पवर "कचरा करू नका" अशा पाट्या लावून फार थोडं साधतं. माणूस ठरवतो ते घरी बॅग भरताना. म्हणून निरोप तीन दिवस आधी व्हॉट्सअॅपवर गेला पाहिजे आणि तो आठ ओळींहून मोठा नको. उदाहरणार्थ:

"नमस्कार. शनिवारी भेटू. सोबत आणा: स्वतःची दोन लिटरची बाटली, टॉर्च, शाल, कापडी पिशवी. आणू नका: पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, वेफर्सची पाकिटं, ओले टिश्यू, स्पीकर. पिण्याचं पाणी आणि खाऊ इथे भरपूर आहे. गाडीऐवजी कसारा लोकल किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वेने आलात तर तिथून आपली गाडी चार वाजता निघते, भाडं तिकिटातच आहे. आंघोळीची सोय नाही, तोंड धुवायला गरम पाणी मिळेल."

यातलं रेल्वेचं वाक्य महत्त्वाचं. चाळीस माणसं दहा गाड्यांतून आली तर वीस हेडलाइट आले. दोन टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये तीच माणसं बसतात आणि शेतात पार्किंगसाठी गवत तुडवावं लागत नाही.

आल्यावर मोजणी. गाडी थांबली की सोबत आणलेली प्लास्टिकची पाकिटं-बाटल्या मोजा, प्रत्येकीवर मार्करने खूण करा आणि गटामागे दोनशे रुपये अनामत घ्या. निघताना तितक्याच खुणा परत दाखवल्या की पैसे परत. हसतमुखाने करा, झडती नको. एका गाडीला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून शनिवारी चार ते सहा दोन माणसं याच कामावर हवीत. एकटाच असेल तर रांग लागते आणि तिसऱ्या गाडीपासून मोजणी बंद पडते.

रविवारी निघताना त्यांचा सुका कचरा त्यांच्याच हातात कापडी पिशवीतून द्या आणि कारण सांगा: पुण्या-मुंबईत तुमच्या सोसायटीत सुका कचरा रोज उचलला जातो, इथे उचलणारं कुणी नाही. हे कारण सगळ्यांना पटतं. पिशवीवर गटाचं वजन लिहा, नुसता आकडा. मुलं तो मोठ्याने वाचतात आणि पुढच्या खेपेला तो कमी करून दाखवतात. ज्या घरात ओला-सुका वेगळा होत नव्हता तिथे ती पिशवी कुठल्या डब्यात टाकायची हा प्रश्न रविवारी संध्याकाळी पडतोच, आणि सुरुवात तिथून होते.

हंगाम आवरताना

सुरुवात बारा माणसांवर करा, ओळखीच्यांवर, दोन शनिवार. रांग, पाणी, गोण्यांची वजनं लिहून ठेवा आणि त्या आकड्यांवरून चाळीसपर्यंत जा किंवा पंचवीसवर थांबा.

जूनच्या शेवटी पाऊस लागला की तंबू उतरवा. छपराच्या पन्हळी साफ करा, पहिल्या दोन सरींचं पाणी टाकीत न घेता सोडून द्या. मैल्याच्या खड्ड्यांची झाकणं चिखलाने लिंपा, म्हणजे वरचं पाणी आत उतरत नाही. आणि आवणी सुरू व्हायच्या आधी दोघांनी गोणी आणि जाड हातमोजे घेऊन कॅम्पच्या खालच्या सगळ्या खाचरांच्या बांधांवरून फिरायचं. बाटलीची फुटकी काच पहिल्या पावसाबरोबर उतारावरून वाहत खाचरात येते, चिखलात दिसत नाही, आणि पुढचे पंधरा दिवस बाया त्याच चिखलात अनवाणी वाकून भात लावत असतात. काच सापडली तर त्या खाचराच्या मालकाला त्याच दिवशी जाऊन सांगा आणि त्यांच्यासोबत पुन्हा एकदा पूर्ण खाचर हाताने चाचपा.